शून्याची तपासणी

एकतीस वर्षं मी काटे तपासले.
भवानी पेठेतले गूळवाले, गुलटेकडीचे आडते,
कॅम्पातला एक सोनार, जो दरवेळी आधी सरबत मागवायचा
आणि मी दरवेळी आधी काटा मागायचे.
पहिली पायरी ठरलेली:
पारडी रिकामी करा. काटा थांबू द्या. हात लावू नका.
त्या दोन-तीन सेकंदांत
दुकानदाराच्या तोंडावर जे काही यायचं
त्याला आमच्या फॉर्मात रकाना नव्हता.

तर सोसायटीच्या सभेत, गच्चीवर,
हरिभान खिल्लारेला ठेवायचं की काढायचं
यावर हात वर होऊ लागले, तेव्हा
माझे दोन्ही हात शालीत होते.
पंपाची मोटर रात्रीतून गेली होती.
तो म्हणाला, मी जागाच होतो.
बागेवाडीकर म्हणाले, मग तर जास्तच वाईट.
काढा, सात. ठेवा, सहा.
इतिवृत्तात खाली माझी वेगळी ओळ आहे, निळ्या शाईत:
तटस्थ, एक.
मला ती ओळ आवडली होती, खोटं कशाला बोलू.
पुरावा नव्हता, म्हणून मत नव्हतं.
घरी येऊन वरणाला फोडणी दिली.

मोटर कोणी नेली, ते आजही कुणाला माहीत नाही.
सहा जणांना वाटतं मी त्या सातांतली,
सातांना वाटतं मी सहांना फितूर.
शैलाताई जिन्यात भेटतात, हसत नाहीत, चिडतही नाहीत,
आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर
मी माझ्या अक्षरात भराभर लिहून टाकते: राग.
कदाचित दाढ दुखत असेल.

चिंच आठवते मला.
पारड्याच्या पोटाला खालून चिकटवलेला
चिंचेचा ओला गोळा.
किमान चाळीस वेळा नखाने खरवडून काढलाय.
वरून पारडं लख्ख, काटा शून्याच्या इतका जवळ
की घाईतल्या माणसाने शून्यच म्हणावं.
गिऱ्हाईक अजून पायरीही चढलेलं नसतं
आणि त्याचं माप झालेलं असतं.

एका रात्री झोप नव्हती, तेव्हा मी माझं पारडं उलटं करून पाहिलं.
अडीच वर्षांपूर्वी
दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी फाटकातून आले
आणि हरिभान खुर्चीतून उठला नाही.
मोबाइलवर काहीतरी ऐकत होता.
एवढंच.
फार तर दहा ग्रॅम.

परवा तो दिसला. मार्केट यार्डात,
कांद्याच्या गाळ्यावर, वजनाला.
मी दुसऱ्या गाळ्याकडे वळू शकले असते.
पाच किलो, म्हटलं.
त्याने ओळखलं, इतकं नक्की,
कारण डोळे अर्धा क्षण थांबले
आणि मग पुन्हा काट्यावर गेले.
नमस्कार नाही, टोमणा नाही.
एक कांदा काढला, एक घातला.
"ताई, पिशवी धरा."
सुटे पैसे हातावर ठेवताना बोटं लागू दिली नाहीत,
पण तसं तर कुणीच लागू देत नाही.

रिक्षात बिबवेवाडीपर्यंत मी त्याचा निकाल लावत होते.
मनात धरलंय त्याने.
नाही, विसरलाय.
नाही, मोटर त्यानेच नेली, म्हणून तर नजर काढली.
तीन सिग्नल, तीन माणसं,
आणि त्याने तर फक्त
माझ्याकडे बघायचं तसं बघितलं होतं,
जसं मी गच्चीवर त्याच्याकडे.

निवृत्तीला ऑफिसने दिलेला पितळी तराजू काढला.
ओट्यावर कांदे ओतले,
एकेक किलो करून घालत गेले.
चार बरोबर भरले.
पाचव्याला काटा थरथरत होता
आणि मला मनापासून वाटत होतं,
पन्नास ग्रॅम तरी कमी निघावेत.
पन्नास.
म्हणजे मला काहीतरी ठरवता येईल.
काटा अजून थांबला नव्हता.
माझं बोट पारड्याच्या कडेवर होतं.